आखनची घोडेस्वारी स्पर्धा पाहायला जाताना : पुण्याच्या मायलेकींचा अनुभव

परदेशातली मोठी घोडेस्वारी स्पर्धा पाहायला जायचं असेल तर ठरवण्याचा क्रम असा ठेवा: आधी स्पर्धेचे दिवस, मग तिथली तिकिटं, मग मुक्काम, मग व्हिसा आणि विमानाचं पक्कं तिकीट सगळ्यात शेवटी. जर्मनीतल्या आखन शहरात दरवर्षी होणारी सीएचआयओ ही आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी स्पर्धा पाहायला मी आणि माझी सोळा वर्षांची लेक २०२५ च्या जुलैत जाऊन आलो. निघण्याआधी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते खूप शोधलं, हाती फारसं लागलं नाही. म्हणून सगळं जरा विस्ताराने लिहिते आहे.

लेक पुण्यात सातवीपासून घोडेस्वारी शिकते. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदिप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध, तालबद्ध चालींच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात युरोप होतं. तिचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. ते एकदा मला म्हणाले, "ताई, पोरीला एकदा मोठे घोडे समोरून दाखवून आणा. टीव्हीवर उडी दिसते, घोडा दिसत नाही." हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं.

आखनच का, तर एकाच मैदानावर सगळं पाहायला मिळतं. शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज, इव्हेंटिंग (ड्रेसाज, उड्या आणि मोकळ्या रानातली क्रॉस-कंट्री दौड असे तिन्ही मिळून), गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती आणि धावत्या घोड्यावरच्या कसरती असे पाच प्रकार तिथे होतात. स्पर्धा १९२४ पासूनची आहे आणि मुख्य स्टेडियममध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. इंग्लंडमधल्या बॅडमिंटन गावच्या घोडेस्वारी स्पर्धेचंही आकर्षण होतं, पण तिथे फक्त इव्हेंटिंग आणि व्हिसाही वेगळा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी आखनच सुचवेन.

२०२५ ची स्पर्धा २७ जून ते ६ जुलै अशी होती. जंपिंग आणि ड्रेसाजचे मोठे दिवस मंगळवार १ जुलैपासून पुढचे, म्हणून आम्ही तेवढेच धरले. तिकिटं संयोजकांच्या संकेतस्थळावरून जानेवारीत काढली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मुख्य स्टेडियम आणि ड्रेसाजचं स्टेडियम यांची तिकिटं वेगळी असतात, आणि दिवसागणिक, कधी कधी सत्रागणिकही, वेगळी. शेवटच्या रविवारची रोलेक्स ग्रां प्री, म्हणजे शो जंपिंगची सगळ्यात मोठी लढत, सगळ्यात आधी भरते. आम्हाला रविवारची छप्पर नसलेल्या बाजूची जागा मिळाली. गुरुवारी रात्रीचा नेशन्स कप (देशोदेशींच्या संघांची शो जंपिंग लढत), शनिवारचं क्रॉस-कंट्री आणि बुधवारी ड्रेसाज असं मिळून दोघींचे साधारण पंचेचाळीस हजार रुपये गेले. शुक्रवार मुद्दाम मोकळा ठेवला होता. रोज सकाळी नऊ ते रात्री दहा बाकावर बसणं चौथ्या दिवशी नकोसं होतं, हे मैदानावर गेलं की कळतं.

मुक्कामाने सगळ्यात जास्त घाम काढला. स्पर्धेच्या आठवड्यात आखनमधल्या खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि बऱ्याच खोल्या वर्षभर आधीच गेलेल्या असतात. आखन जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर वसलेलं आहे. नेदरलँड्समधलं फाल्स तर शहराला जवळजवळ चिकटून आहे, बसने जाता येतं, आणि तिथे खोली मिळतही होती. पण शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम किंवा मुख्य काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. सगळ्या रात्री नेदरलँड्समध्ये आणि अर्ज जर्मनीकडे, असं कागदावर दिसलं तर विचारणा होऊ शकते. स्पर्धेचं कारण दाखवून ते पटवताही आलं असतं, पण सोबत अल्पवयीन मूल असताना मला फाइलमध्ये शंकेला जागा ठेवायची नव्हती. आखनहून लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर एश्वायलर नावाचं छोटं शहर आहे. तिथे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, रात्रीला ८० युरो, विनाशुल्क रद्द करता येईल अशी. व्हिसासाठी आरक्षण करताना रद्द करण्याची अट आधी वाचा, मग भाव बघा.

आता व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटापट जातात. मार्चच्या अखेरीस बघायला लागलो तर पुण्यातल्या व्हिसा केंद्रात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ मिळाली, तीही रोज सकाळी संकेतस्थळ उघडून बसल्यावर.

माझे कागद नेहमीचेच होते: तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र, विमा, आरक्षणं. विमा किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. स्पर्धेची तिकिटं छापून जोडली आणि सोबतच्या पत्रात कोणत्या दिवशी काय पाहणार हे तारीखवार लिहिलं. नुसतं 'पर्यटन' लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं. व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरच्या बाईंनी तेच पान सगळ्यात आधी वाचलं.

लेकीचे कागद मात्र वेळखाऊ. तिच्या पासपोर्टची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, त्यामुळे फेब्रुवारीतच मुंढव्याच्या सेवा केंद्रात जाऊन नवा काढून घेतला. ऐन दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर ती धावपळ झाली. मग जन्मदाखला, आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या प्रती आणि बाबांचं संमतीपत्र. तिचे बाबा येणार नव्हते, कारण अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया नेमकी त्याच दिवसांत येण्याची शक्यता होती (तशी ती आलीही) आणि कुणीतरी इथे लागणार होतं. संमतीपत्र स्टँप पेपरवर करून नोटरी केलं. आता आपल्याकडे शंभरचा स्टँप चालत नाही, पाचशेचाच घ्यावा लागतो. याच्या दोन मूळ प्रती करा, एक फाइलमध्ये जाते आणि दुसरी विमानतळावर हाताशी हवी.

सगळ्यात गमतीचा प्रश्न शाळेच्या पत्राचा होता. विद्यार्थ्याला शाळेचं ना-हरकत पत्र मागतात. पण एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा संपलेली, निकाल यायचा बाकी, कॉलेज ठरलेलं नाही. मग पत्र देणार कोण? शाळेच्या ऑफिसातल्या मॅडमनी मार्ग काढला. 'ही आमची विद्यार्थिनी असून मार्च २०२५ च्या परीक्षेला बसली आहे, निकाल अपेक्षित आहे' असं बोनाफाइड दिलं. त्याला हॉल तिकिटाची प्रत जोडली आणि माझ्या पत्रात दोन ओळींत खुलासा केला. पुढे कुणी काही विचारलं नाही. दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत मुलांना नेणाऱ्या सगळ्यांना हा पेच पडणार, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शुल्क माणशी ९० युरो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं पडतं, सोळा वर्षांच्या मुलीला पूर्ण. केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरियर वेगळं. बारा वर्षांपासून पुढे बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे तिलाही जावं लागलं. त्यानंतर वाट पाहणं. ते दिवस कठीण गेले. पैसे अडकलेले, विमानाचं फक्त तात्पुरतं आरक्षण, भाडी वाढत चाललेली. रात्री झोपताना दोघीही तो विषय टाळायचो. १३ मेला दहावीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात पासपोर्ट घरी आले. प्रवासाच्या तारखा आणि वर पंधरा दिवसांची मोकळीक, एवढाच व्हिसा; पण आम्हाला तेवढाच हवा होता.

विमान मुंबई ते फ्रँकफर्ट थेट घेतलं, दोघींचं जाऊन-येऊन एक लाख तीस हजार. सामान भरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, श्रीखंडवडी घरीच ठेवा. आम्ही मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि पोह्याचा चिवडा नेला. दुसरं म्हणजे तबेल्यात घातलेले बूट नेऊ नका, न्यायचेच असतील तर तळवे धुऊन, वाळवून न्या. जनावरांचे रोग माणसांच्या बुटांवरून पसरतात. घोड्यांची आवड असणाऱ्यांनी तरी ही काळजी घ्यायलाच हवी.

३० जूनला फ्रँकफर्टला उतरलो. इमिग्रेशनवर कुठे चाललात असं विचारल्यावर लेकीनेच स्पर्धेची तिकिटं पुढे केली. अधिकाऱ्याने संमतीपत्र वाचून परत दिलं आणि शिक्का मारला. विमानतळाला जोडलेल्या स्टेशनातूनच लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात, कोलोनमार्गे आखनला पावणेदोन-दोन तासांत पोचता येतं. स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीपुरतंच असतं. विमान उशिरा येण्याची धास्ती असेल तर थोडे पैसे जास्त देऊन कुठल्याही गाडीने जाता येणारं तिकीट घ्या.

१ जुलैपासून आमचं डॉइचलँडटिकेट सुरू झालं. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरोंना होतं; त्यावर देशभरातल्या लोकल गाड्या, बस आणि ट्राम चालतात, जलद आयसीई मात्र चालत नाहीत. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आलो असतो तर दोन महिन्यांचे पैसे पडले असते. शिवाय ती वर्गणी आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. काही ठिकाणी जर्मन बँकखातं मागतात. कार्ड घेणारं अ‍ॅप शोधून पुण्यातूनच काढून ठेवा.

मैदान शहराच्या उत्तरेला, टिवोली फुटबॉल स्टेडियमच्या शेजारी आहे. स्टेशनवरून बस मिळते आणि शहराच्या मध्यावरून चालतही जाता येतं. मंगळवारी उद्घाटनाच्या दिवशी आम्ही चालतच गेलो.

बुधवार २ जुलै. त्या दिवशी जर्मनीत उष्णतेची लाट होती, काही ठिकाणी पारा ३८ च्या वर गेला होता. पुण्याच्या एप्रिलची सवय असूनही त्रास झाला, कारण आमच्या खोलीत पंखासुद्धा नव्हता. टोपी, पाण्याची बाटली आणि खिशात मीठ-साखरेची पुडी ठेवा. छत्री उघडली तर मागच्यांना दिसत नाही.

याच दिवशी ड्रेसाज पाहिल्यावर आम्ही वॉर्म-अपच्या मैदानाकडे वळलो, आणि मैदानावरच्या पुढच्या दिवसांत आमचा बराच वेळ तिथेच गेला. मला या लेखातून एकच गोष्ट सांगायची असती तर ती ही: स्टेडियमचं एक तिकीट कमी काढा, पण वॉर्म-अपच्या कठड्याशी रोज दोन तास उभे राहा. शो जंपिंगला स्टेडियममध्ये घोडा जेमतेम दीड-दोन मिनिटं दिसतो. इथे तो लगाम सैल सोडून चालताना दिसतो, मग दुडकी, मग संथ कँटर म्हणजे हलकी दौड, मग दोन-चार उड्या, पुन्हा चाल. जगातले पहिल्या रांगेतले स्वार घोड्याला इतका वेळ नुसतं चालवतात, हे लेकीला खरंच वाटेना. सरावाच्या अडथळ्याला उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरा झेंडा असतो, उडी त्याच दिशेने मारायची. नियम पाळला जातो का हे पाहायला एक अधिकारी तिथे कायम उभा असतो. उन्हामुळे मोतद्दार बादल्या आणि स्पंज घेऊनच उभे होते. घोडा बाहेर आला की आधी मान, छाती आणि पायांवर पाणी, मग बाकी सगळं. एका घोड्याचा घाम पुसणारी मुलगी लेकीएवढीच असेल. ती त्याच्याशी सतत काहीतरी बोलत होती. लेक वहीत टिपत होती: कोण किती वेळ चालवतो, उडी चुकल्यावर स्वाराचा हात कुठे जातो. बहुतेकांचा हात घोड्याच्या मानेवर जात होता.

तिथे उभं राहायचं तर फोटोचा फ्लॅश बंद ठेवा, अचानक हात वर करू नका, आणि हात लावायची परवानगी मागूही नका. घोडे त्या वेळी कामावर असतात.

गुरुवारी रात्री नेशन्स कप. एका देशाचे चार स्वार, त्यातला सगळ्यात वाईट निकाल सोडून द्यायचा, बाकी तिघांचे दोष मोजायचे, दांडी पडली की चार. नियम सोपे असल्यामुळे शेजारच्या आजोबांशी भाषा न येताही बोटांनी हिशेब जमत होता. प्रकाशझोतातलं ते हिरवं गवत आणि दांडी पडल्यावर हजारो माणसांच्या तोंडून एकदम निघालेला उसासा मी विसरणार नाही. रात्री परतीच्या गाड्या विरळ होतात, शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा.

त्या गर्दीत भारताचा झेंडा नव्हता. त्यामागचं एक कारण मला आधीपासून माहीत होतं: रोगमुक्ततेच्या अटींमुळे भारतातले घोडे युरोपात स्पर्धेला नेणं अतिशय अवघड, म्हणून आपल्या स्वारांना तिकडेच राहून तिकडचे घोडे घ्यावे लागतात. अनुषही जर्मनीत राहूनच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोचला. परत आल्यावर वाचलं की त्याच ३ जुलैला मेरठच्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रातल्या घोड्यांच्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्यता दिली. ती बातमी मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. इथल्या तबेल्यातला घोडा उद्या बाहेर जाऊ शकेल, हे आमच्यासारख्यांच्या घरात फार मोठं आहे.

शुक्रवारी शहर पाहिलं. सम्राट शार्लमेनच्या काळातलं कॅथेड्रल आहे, १९७८ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं. एलिझनब्रुनेनच्या गरम झऱ्यांना आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखाच गंधकाचा वास येतो. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला मैदानावर बटाट्याचे तळलेले रायबेकूखन आणि फ्राइज यांवर निभावता येतं. बाटली परत केली की अनामत मिळते, टाकून देऊ नका. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा.

शनिवारच्या क्रॉस-कंट्रीला सगळे अडथळे पाहायच्या नादी लागू नका. आम्ही पाण्याचा एक अडथळा निवडला आणि लवकर जाऊन दोरीशी जागा धरली. शिट्टी वाजली की घोडा येतोय असं समजून वाट मोकळी करायची. आधी टापांचा आवाज येतो, मग घोडा, आणि बघता बघता पाणी उडवून नाहीसा. उस्तादांचं वाक्य लेकीला तिथे पटलं.

रविवारची ग्रां प्री दोन फेऱ्या आणि शेवटी घड्याळाविरुद्धची निर्णायक फेरी अशी असते. सुरू होण्याआधी स्वार पायी फिरून दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात, तेवढ्यासाठी तासभर आधी जाऊन बसा. स्वित्झर्लंडचा मार्टिन फुक्स लिओने जाई या घोड्यावर जिंकला. स्पर्धेचा समारोप होताना सगळे घोडे-गाड्या मैदानात येतात आणि प्रेक्षक पांढरे रुमाल हलवून निरोप देतात, जुनी प्रथा आहे. रुमाल घरून न्या. लेकीने बाबांचा आणला होता.

८ जुलैला परतीचं विमान धरलं. एकूण खर्च दोघींचा सव्वातीन लाखांच्या आसपास झाला, त्यात विमान सगळ्यात मोठं आणि मुक्काम त्याच्या खालोखाल. फॉरेक्स कार्ड सगळीकडे चाललं, तरी शंभर-दीडशे युरो रोख जवळ असू द्या.

११ ते २३ ऑगस्ट २०२६ या काळात आखनमध्येच घोडेस्वारीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे, पॅरा-ड्रेसाज (दिव्यांग स्वारांचं ड्रेसाज) धरून सहा प्रकार एकाच ठिकाणी. लेक तेव्हा बारावीत असेल, त्यामुळे आमचं जाणं नाही. जाणार असाल तर मुक्काम शक्य तितक्या लवकर बघा, व्हिसाचा अर्ज २०२६ च्या फेब्रुवारीच्या मध्यापासून करता येतो. जर्मनीच्या वकिलातींनी १ जुलै २०२५ पासून नकारावर फेरविचार मागण्याची सोय बंद केली आहे. नकार आला तर नव्याने अर्ज आणि नव्याने शुल्क, नाहीतर थेट कोर्ट, तेव्हा फाइल पहिल्याच वेळी भक्कम हवी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. फ्रँकफर्टला उतरून पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.